ज्वारीवर अतिनील किरणांचा परिणाम रानात कसा तपासायचा

ज्वारीच्या पानाचा शेंडा करपला की हल्ली बांधावर पहिलं वाक्य ऐकू येतं, "ऊन विषारी झालंय, अतिनील किरणांनी जाळलं." मग कुणी शेडनेट टाकतं, कुणी दुकानातून 'ऊन-संरक्षक' फवारा आणतं. कृषीचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून दोन वाफे करतात. एकावर हिरवी जाळी, एक उघडा. जाळीखालची रोपं उंच झाली की निष्कर्ष लिहून मोकळे होतात: अतिनील किरणं पिकाला घातक.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. जाळीने अतिनील किरणांबरोबर उजेड अडवला, उष्णता बदलली, वारा अडवला आणि जमिनीची ओल टिकवली. कमी उजेडात रोप उंच होतंच, ते उजेडाकडे ताणलं जातं. या पाचांपैकी फरक कशाने पडला हे दोन वाफ्यांतून कळणार नाही.

मी अशा प्रकल्पांच्या वह्या बरीच वर्षं तपासतोय. मेहनत खरी असते, चूक पहिल्याच दिवशी झालेली असते. म्हणून सगळा क्रम इथे मांडतोय. उदाहरण रब्बी ज्वारीचं घेतलं आहे. गहू, बाजरी, मका यांनाही थोड्या फरकाने हाच क्रम लागू पडतो.

सुरू करण्याआधी: कोणती किरणं, कुठवर येतात

उन्हातल्या अतिनील किरणांचे तीन पट्टे आहेत. अतिनील-क म्हणजे १०० ते २८० नॅनोमीटर (किरणांच्या तरंगलांबीचं माप). ही वातावरणातच अडतात, रानात पोचत नाहीत. अतिनील-ब म्हणजे २८० ते ३१५. यांतली बरीचशी ओझोन गाळून घेतो, थोडी खाली येतात, पण काम जास्त तीच करतात. अतिनील-अ म्हणजे ३१५ ते ४००. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा हिचा असतो.

अतिनील-ब पानातल्या डीएनएला इजा करते. रोप ती इजा दुरुस्तही करतं, आणि त्या दुरुस्तीला निळा उजेड आणि अतिनील-अ लागतात. शिवाय अतिनील-ब ओळखणारं एक प्रथिन पानात असतं. ते जागं झालं की पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं साठतात. ही द्रव्यं म्हणजे रोपाचं स्वतःचं छत्र. त्यामुळे 'घातक की उपयोगी' असा सरळ प्रश्न इथे चालत नाही. तपासायचं ते एवढंच: ही किरणं काढून घेतली तर पानाची लांबी, जाडी, उंची आणि वजन किती बदलतं?

पायरी १: आधी दुसरी कारणं बाजूला काढा

करपलेलं पान दाखवून 'हे अतिनीलचं काम का' असं विचारणारे बरेच भेटतात. मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या रानात बहुतेक वेळा उत्तर वेगळंच निघतं.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. पान दुपारी सुरळी होतं, शेंडा आणि कडा वाळतात, तर पाण्याचा ताण. खालची पानं जांभळट असतील तर स्फुरदाची कमतरता किंवा थंडी. मधला पोंगा वाळून सहज उपटून येत असेल तर खोडमाशी. पान चकचकीत, बोटाला चिकट लागत असेल तर मावा, म्हणजे आपला चिकटा. ज्वारीचं पान कुठल्याही जखमेला लाल-तांबूस डागाने उत्तर देतं, त्यामुळे लाल डाग दिसला म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

उघड्या रानात वाढलेल्या ज्वारीवर उन्हातल्या अतिनीलचा सहसा वेगळा ओळखता येईल असा डाग पडत नाही. परिणाम असतो तो मापात: पान थोडं आखूड, थोडं जाड, ताट थोडं बुटकं. तो नजरेने दिसत नाही, मोजपट्टीने आणि वजनकाट्यानेच सापडतो.

*तपासा:* वर सांगितलेलं एखादं लक्षण तुमच्या रानात असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. आजारी रानात हा प्रयोग घेऊ नका.

पायरी २: वेळ आणि वाण ठरवा

सूर्य जितका डोक्यावर तितकी अतिनील-ब जास्त. परभणीच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पण मेमध्ये उष्णता इतकी असते की तिचा परिणाम वेगळा काढणं अवघड, आणि जुलैत ढग. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, अतिनील-ब घटते.

माझ्या मते सुरुवातीला ऑक्टोबरचा पहिला आठवडा बरा. आभाळ मोकळं होत असतं, वाफसा (पेरणीजोगी ओल) मिळतो आणि रब्बी ज्वारीचा पेराही तेव्हाच असतो. पहिले ४० दिवस अतिनील पुरेशी मिळते. खात्रीसाठी एक मीटरची काठी मोकळ्या जागी उभी रोवा आणि सूर्य सर्वांत उंच असताना सावली मोजा. परभणीकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती ४३ सेंटीमीटरच्या आसपास भरते, २१ डिसेंबरला ९२ च्या. सावली जितकी आखूड तितकी अतिनील-ब जास्त. दर आठवड्याला ही सावली वहीत नोंदवा.

वाण एकच घ्या आणि बी एकाच पिशवीतलं घ्या. मालदांडी घ्या किंवा परभणी मोती, पण मिसळू नका. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात गहू आणि ज्वारीवर अतिनील अडवून प्रयोग झाले आहेत. त्यांत वाढ सुधारली, पण सगळ्या वाणांत सारखी नाही. अर्ध्या वाफ्यांत मालदांडी आणि अर्ध्यांत संकरित असं केलं तर तुम्ही वाण मोजाल, ऊन नाही.

पायरी ३: कागद निवडा (इथेच सगळं बिघडतं)

पॉलिहाऊसच्या फिल्मला आपल्याकडे कागदच म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. चार प्रकारचे वाफे लागतात:

क्रमांक १, साधा पॉलिथिन कागद. पिशव्यांसाठी वापरतात तो पारदर्शक, पातळ, कुठलीही प्रक्रिया नसलेला. यातून अतिनील-अ आणि ब दोन्ही जातात.

क्रमांक २, पॉलिएस्टर कागद, साधारण १०० ते १२५ मायक्रॉन. हा अतिनील-ब अडवतो, अतिनील-अ बहुतेक जाऊ देतो.

क्रमांक ३, पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा. अतिनील-ब पूर्ण आणि अतिनील-अ बहुतांश अडवतो. हा महाग पडतो. पैसे नसतील तर हा प्रकार सोडून द्या, पण पहिले दोन आणि चौथा सोडू नका.

क्रमांक ४, उघडा वाफा, काहीही न झाकलेला.

क्रमांक १ कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. "सर, अतिनील जाऊच द्यायची तर कागद लावायचा कशाला?" कारण कागद कुठलाही असो, तो उजेड थोडा कमी करतो, वारा अडवतो, दव पडू देत नाही. हे सगळं दोन्हीकडे सारखं हवं आणि फरक फक्त अतिनीलचा हवा. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची तुलना हाच प्रयोगाचा कणा आहे.

*सावधान:* पॉलिहाऊसचा 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' (यूव्ही म्हणजे अतिनील; उन्हात टिकावा म्हणून प्रक्रिया केलेला) कागद पहिल्या क्रमांकासाठी घेऊ नका. त्यात मिसळलेली द्रव्यं अनेकदा अतिनील शोषतात. एका वर्षी दुकानदाराने 'हाच चांगला, टिकतो' म्हणून मला तो दिला आणि मी न तपासता सहा चौकटींवर चढवला. ४० दिवसांनी पहिल्या आणि दुसऱ्या वाफ्यांत काहीच फरक निघाला नाही. निघणार कुठून, अतिनील दोन्हीकडे अडली होती.

*सावधान:* निर्जंतुकीकरणाचे जांभळे दिवे आणून रोपांवर लावू नका. त्यांतून अतिनील-क निघते, जी उन्हात नसतेच. पानं भाजतील, तुमचे डोळेही, आणि त्याचा रानातल्या उन्हाशी संबंध नाही.

पायरी ४: कागद घरी तपासा

तीन साध्या तपासण्या करा, चढवण्याआधी.

ताणून पाहा. कागदाची कडा दोन अंगठ्यांत धरून ओढा. पॉलिथिन लांबतो आणि अंगठ्याजवळ पांढुरका, मऊ होतो. पॉलिएस्टर हट्टी असतो, लांबत नाही, चुरगाळला की कडकड वाजतो.

पाण्यात टाका. नखाएवढा तुकडा पाण्याच्या भांड्यात बुडवून सोडा, बुडबुडे पुसून. पॉलिथिन वर येतो, पॉलिएस्टर तळाला जातो. जुन्या ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट) वापरत असाल तर त्या पॉलिएस्टरच्याच आहेत याची पाकिटावरून खात्री करा. अ‍ॅसिटेटची शीटही पाण्यात बुडते, पण ती अतिनील-ब बरीच जाऊ देते.

नोटेवर उजेड टाका. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या (३९५ ची नको, ती जवळजवळ दिसणाऱ्या जांभळ्या उजेडात येते). अंधाऱ्या खोलीत शंभराच्या नोटेवर धरली की आकडे आणि कागदातले बारीक धागे चमकतात. आता टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये कागद धरा. पॉलिथिन आणि पॉलिएस्टरमधून चमक जवळपास तशीच राहायला हवी. पॉलिकार्बोनेटखाली ती विझल्यासारखी व्हायला हवी. पॉलिथिनखाली चमक मंदावली तर त्या कागदात काहीतरी मिसळलेलं आहे, परत करा.

टॉर्चकडे थेट पाहू नका, मुलांच्या हाती देऊ नका. आणि लक्षात घ्या, ही टॉर्च फक्त अतिनील-अ तपासते. अतिनील-बसाठी मापक हवा, तो एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मिळाला तर एक दुपार मागून घ्या.

*तपासा:* दुपारी १२ च्या सुमाराला लक्स मीटर (उजेड मोजणारं यंत्र) प्रत्येक कागदाखाली ठेवून पाच-पाच वाचनं घ्या. पहिल्या तीन क्रमांकांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर ज्यातून उजेड जास्त येतो तिथे साध्या पॉलिथिनचा आणखी एक थर द्या. तो थर अतिनील फारशी अडवत नाही. उजेड जुळल्याशिवाय पुढची पायरी नाही.

पायरी ५: चौकटी उभ्या करा

वाफा दीड मीटर बाय दीड मीटर. ४५ सेंटीमीटरवर चार ओळी, ओळीत १५ सेंटीमीटरवर दहा रोपं, म्हणजे चाळीस. कडेची रोपं मोजायची नाहीत. आतल्या दोन ओळींतली, दोन्ही टोकं सोडून, सोळा राहतात. मोजमाप त्यांचंच.

चौकट बांबूची चालते. कागद वाफ्यापेक्षा चारी बाजूंनी २५ सेंटीमीटर पुढे यायला हवा, आणि पूर्व, पश्चिम, दक्षिण या बाजूंनी खालीही उतरायला हवा. नुसतं वर छप्पर पुरत नाही, कारण अतिनील-बचा मोठा हिस्सा थेट सूर्याकडून न येता निळ्या आभाळातून पसरून बाजूने येतो. मात्र बाजूंना तळाशी १५ ते २० सेंटीमीटर मोकळं सोडा आणि उत्तर बाजू पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर आत भट्टी होईल.

छप्पर रोपांच्या शेंड्यापासून वितभर वर असू द्या आणि आठवड्याला वर सरकवता येईल असं बांधा. त्याला थोडा उतार द्या म्हणजे दव साचणार नाही. दोन चौकटींत उत्तर-दक्षिण दीड मीटर मोकळी जागा ठेवा. नोव्हेंबरात सावली उत्तरेला लांब पडते आणि शेजारच्या वाफ्यावर पडली तर सगळं वाया.

*तपासा:* भर दुपारी प्रत्येक चौकटीत, सावली करून ठेवलेला थर्मामीटर पाहा. झाकलेल्या चौकटींत आपसात एका अंशापेक्षा जास्त फरक नको.

पायरी ६: जागा चिठ्ठ्यांनी ठरवा, मग पेरा

प्रत्येक प्रकाराचे तीन वाफे, म्हणजे एकूण बारा. उतारानुसार रानाचे तीन पट्टे पाडा: वरचा, मधला, खालचा. प्रत्येक पट्ट्यात चारही प्रकार एकदा आले पाहिजेत. कोणता कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळे झाकलेले वाफे विहिरीजवळ आणि सगळे उघडे बांधाला, ही चूक मी दर दोन वह्यांत एकदा पाहतो. पाणी नेणं सोपं जातं म्हणून होते ती.

बीजप्रक्रिया, खत, पेरणीची खोली सगळीकडे एक. कागद पेरणीच्या दिवशीच चढवा. रोप पंधरा दिवस उघड्या उन्हात वाढवून मग झाकलं तर त्याच्या पानात छत्र आधीच तयार झालेलं असतं. दहा-बारा दिवसांनी विरळणी, त्याच दिवशी तुटाळ (रोप न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरून घ्या. भरलेलं रोप मोजू नका.

पायरी ७: चाळीस दिवसांची राखण

पाणी बादलीने मोजून द्या. झाकलेल्या वाफ्यावर पाऊस पडणार नाही, उघड्यावर पडेल. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला तर किती मिलिमीटर झाला ते पाहून झाकलेल्या वाफ्यांना तेवढं द्या. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर.

खोडमाशी हा या प्रयोगाचा छुपा शत्रू आहे. उगवणीनंतर आठव्या दिवसापासून जवळपास महिनाभर तिचा धोका असतो, आणि ती उघड्या वाफ्यात सहज शिरते, झाकलेल्यात कमी. मग उघडी रोपं खुजी राहतात आणि दोष उन्हाला जातो. रोज सकाळी पोंगेमर झालेली (मधला पोंगा वाळलेली) रोपं मोजा, खूण करा, मोजमापातून काढा. कीडरोधक जाळी मात्र लावू नका, तीही उजेड आणि अतिनील दोन्ही कमी करते.

साधा पॉलिथिन उन्हात लवकर मरतो. तीन आठवड्यांनी तो बदला, आणि त्याच दिवशी बाकीच्यांचेही कागद उतरवून पुसून लावा. आठवड्याला एकदा ओल्या मऊ फडक्याने धूळ पुसा. शेजारी कोळपणी झाली की कागदावर मातीचा थर बसतो.

पायरी ८: मोजमाप

उगवणीनंतर १०, २०, ३० आणि ४० दिवसांनी, तीच सोळा रोपं, तोच माणूस, सकाळी. दुपारी पान सुरळी होतं आणि रुंदी चुकते.

उंची जमिनीपासून सर्वांत वरच्या पूर्ण उलगडलेल्या पानाच्या बेचक्यापर्यंत घ्या, पानाचं टोक उचलून नाही. एक ठरलेलं पान, उदाहरणार्थ खालून पाचवं, पूर्ण उलगडल्यावर लांबी आणि सर्वांत जास्त रुंदी मोजा. लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७५ हे ज्वारीच्या पानाचं अंदाजे क्षेत्रफळ. गहू-बाजरीत फुटवेही मोजा, अतिनील-बमुळे तृणधान्यांत फुटव्यांवर परिणाम होतो.

चाळिसाव्या दिवशी पानाची जाडी. पुठ्ठ्याचा ५ बाय २ सेंटीमीटरचा साचा करा. मधली शीर टाळून पानाच्या मध्यभागातून दहा तुकडे कापा. ते १०० चौरस सेंटीमीटर झाले. सावलीत सुकवून, मग ६५ ते ७० अंशांवर वजन स्थिर होईतो वाळवून, सोनाराच्या काट्यावर (०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या) तोला. या मापाला जपा. अतिनील अडवली की पान सहसा लांब-रुंद होतं पण पातळ राहतं, आणि नुसती लांबी पाहणाऱ्याला हे कळत नाही.

शेवटी सोळा रोपं मुळाच्या वरून कापून, वाळवून, एकत्र वजन.

पायरी ९: आकडे कसे वाचायचे

क्रमांक १ उणे क्रमांक २: हा अतिनील-बचा परिणाम.
क्रमांक २ उणे क्रमांक ३: हा मुख्यतः अतिनील-अचा.
क्रमांक ४ उणे क्रमांक १: हा कागदाचा परिणाम, उन्हाचा नव्हे.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उघडा वाफा आणि पॉलिएस्टरचा वाफा यांची थेट तुलना. तो फरक मोठा आणि देखणा दिसतो, म्हणून तक्त्यात पहिला लिहिला जातो. त्यात वारा, दव, खोडमाशी सगळं मिसळलेलं असतं.

दुसरी गोष्ट, तीन सारख्या वाफ्यांत आपसात किती फरक आहे ते आधी पाहा. समजा साध्या पॉलिथिनच्या तीन वाफ्यांत पान ५२, ५५ आणि ५८ सेंटीमीटर आलं आणि पॉलिएस्टरच्या वाफ्यांत ५४, ५७ आणि ५९. सरासरी वेगळी दिसते, पण एका प्रकारातलाच फरक ६ सेंटीमीटरचा असताना १.७ सेंटीमीटरवर काहीही ठरत नाही. 'फरक दिसला नाही' असं लिहा, ते खरं उत्तर आहे. फरक तिन्ही पट्ट्यांत एकाच दिशेने आणि आपसातल्या फरकापेक्षा मोठा असेल तरच दावा करा, आणि पुढच्या रब्बीत पुन्हा घेऊन पाहा.

फरक निघाला तरी रानावर कागद टाकायला निघू नका. ४० दिवसांची पानं मोठी झाली म्हणजे कणीस भरलं असं नाही. पातळ, कोवळं पान मावा आणि करपा यांच्या समोर कसं टिकतं हे या प्रयोगात तपासलेलं नाही. दाणे आणि कडबा यांबद्दल बोलायचं असेल तर पोटरी (कणीस पानाच्या आत फुगणं), निसवण (कणीस बाहेर पडणं) आणि काढणीपर्यंत चौकटी वाढवत न्याव्या लागतात, ताट माणसाच्या डोक्यावर जातं, आणि चौकट दोन मीटरच्या वर घ्यावी लागते. तेवढी तयारी असेल तर बांबू सोडून लोखंडी पाइप घ्या आणि पाया फूटभर खोल गाडा, कारण जोराच्या वाऱ्यात उंच चौकट पतंगासारखी उचलली जाते.

रान नसेल तर

कुंड्यांत हाच प्रयोग लहान करता येतो. बारा सारख्या कुंड्या, एकच चाळलेली माती, प्रत्येकीत तीन रोपं, वर त्या त्या प्रकारच्या कागदाची चौकट (पॉलिएस्टरसाठी ओएचपी शीट). गच्चीवर घेत असाल तर पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपासून दूर ठेवा, उजेड परावर्तित होऊन एका बाजूच्या कुंड्यांना जास्त मिळतो. कुंड्यांच्या जागा दर तीन दिवसांनी आपसात बदला, प्रत्येकीवरचा कागद मात्र तिच्याबरोबरच न्या. खिडकीच्या काचेमागे कुंडी ठेवून ती 'उन्हातली' म्हणून मोजू नका. साधी काच अतिनील-ब जवळपास सगळी अडवते.